पाव मिनिटापासून सुरुवात

पावसाचा जोर ओसरला की लोणावळ्यात पहाटे पळणारी पोरं-पोरी दिसायला लागतात. वलवणच्या बाजूला, तुंगार्लीच्या चढावर, भुशीच्या रस्त्यावर. कुणी कॉलेजच्या क्रॉसकंट्री टीमची तयारी करत असतं, कुणी पोलीस भरतीची. कामशेत, वडगाव, पवनानगरकडची मुलं तर गावातल्याच रस्त्यावर खुणा करून सोळाशे मीटर मोजून घेतात. तुम्हीही त्यांच्यातलेच असाल. नसाल तर तुमच्या वर्गात तरी असा एखादा नक्की असेल, जो पहिल्या लेक्चरला ओल्या केसांनी येतो आणि मागच्या बाकावर बसून गुपचूप पोटरी चोळत असतो.

त्याला विचारा, काय झालंय? तो म्हणेल, काही नाही. कारण पुढच्या आठवड्यात ट्रायल असते. सर सहा जणं निवडणार, सातवा घरी. टीममध्ये नाव आलं तर ग्रेस मार्क, सर्टिफिकेट, पुढे कदाचित नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्क्यांत जागा. अशा वेळी नडगीत दुखतंय हे कोण सांगेल? मीही नव्हतं सांगितलं. सेकंड इयरला असताना सुजलेला घोटा क्रेप बँडेजने आवळून ट्रायल पळालो, टीममध्ये आलो आणि त्या सीझनमध्ये एकही रेस पळालो नाही. माझ्यामुळे जो सातवा घरी गेला, त्याचा चेहरा अजून आठवतो.

आज ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते धावपटू नव्हते, कोचही नव्हते. पण शरीराला किती काम द्यायचं आणि कुठे थांबायचं, हा प्रश्न त्यांनी याच लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी हातात घेतला. तेही भाषण देऊन नाही, यंत्र लावून. लोणावळ्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, तुम्ही त्यावरून पळालाही असाल. स्वामी कुवलयानंद.

नाव ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर दाढी, भगवी कफनी आणि गुहा आली असेल तर जरा थांबा. या माणसाचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 30 ऑगस्ट 1883, गुजरातेतल्या डभोईचा. तेव्हा ते बडोदा संस्थानात होतं. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगं हुशार. 1903 मध्ये मॅट्रिक झाले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. त्या काळी मॅट्रिकच्या मुलांमध्ये ही शिष्यवृत्ती म्हणजे फार मोठा मान. पुढे बडोदा कॉलेज. तिथे शिकवणाऱ्यांमध्ये अरविंद घोष होते, आणि बाहेर टिळकांच्या राजकारणाने तरुण पोरं पेटलेली होती. गुणे 1910 मध्ये बी.ए. झाले. लग्न करायचं नाही आणि आयुष्य देशाच्या कामाला द्यायचं, हे तोवर ठरून गेलं होतं.

कॉलेजच्या त्याच वर्षांत, 1907 ते 1910, ते आणखी एका ठिकाणी शिकत होते. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत, राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली. माणिकरावांचं नाव तेव्हा साऱ्या पश्चिम हिंदुस्थानात होतं. मल्लखांब, लाठी, लेझीम, कुस्ती असं सगळं तिथे शिकवलं जायचं, आणि एकट्यादुकट्याला नाही तर रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या अख्ख्या पलटणीला. माणिकराव आणखी एका गोष्टीसाठी ओळखले जात. मोडलेलं, निखळलेलं, मुरगळलेलं हाड-सांधं बसवण्यात त्यांचा हातखंडा होता. म्हणजे बघा, जो उस्ताद पोरांना घाम गाळायला लावत होता तोच त्यांचे सांधेही बसवत होता. आज आपल्याकडे कोच एका टोकाला आणि फिजिओ दुसऱ्या टोकाला, आणि बहुतेक कॉलेजांत तर फिजिओ मुळातच नाही. माणिकरावांच्या आखाड्यात दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती. गुण्यांवर याचा किती परिणाम झाला हे मोजता येणार नाही, पण पुढचं त्यांचं काम बघितलं की ती व्यायामशाळा आठवतेच.

बी.ए.नंतर ते खानदेशात अमळनेरला गेले. तिथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत हात लावला आणि 1916 मध्ये तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. राष्ट्रीय विचारांचं कॉलेज, त्यामुळे सरकारच्या डोळ्यांवर आलं आणि 1920 मध्ये इंग्रजांनी ते बंद केलं. सदतिसाव्या वर्षी संस्थेला टाळं! तरी 1923 पर्यंत शाळा-कॉलेजातल्या मुलांना ते भारतीय संस्कृती शिकवत राहिले. ही वर्षं मी भरभर सांगतोय, कारण त्यांच्या आयुष्याला खरं वळण मिळालं ते नर्मदेच्या काठी.

बडोद्याजवळ मालसर नावाचं गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी नावाचे एक वृद्ध बंगाली योगी राहायचे. 1919 च्या सुमारास गुणे त्यांच्याकडे गेले आणि योग शिकले. इथवर गोष्ट नेहमीचीच आहे, असे गुरू-शिष्य आपल्याकडे शेकड्याने सापडतील. वेगळं काय घडलं, तर शिष्याला जे अनुभव आले ते त्याने नुसते मानले नाहीत. उड्डियान आणि नौली केल्यावर पोटात नेमकं होतं काय, हे बघायला 1920-21 मध्ये तो बडोद्याच्या हॉस्पिटलमध्ये गेला. आपल्या काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्याने प्रयोग केले. क्ष-किरणांचं यंत्र तेव्हा नवलाईचं होतं, आणि त्यापुढे योग करणाऱ्या माणसाला उभं करायचं हे तर त्याहून नवल.

नौली तुम्ही रील्समध्ये पाहिली असेल. पोटाचे स्नायू मधोमध उभ्या दांड्यासारखे आवळून ते घुसळायचे. जुने योगी हे करताना गुदमार्गाने पाणी वर ओढून घेत. पाणी वर चढतं कसं? कुणी म्हणायचं प्राणाची शक्ती, कुणी म्हणायचं सिद्धी. गुण्यांनी दाब मोजायची नळी लावली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, अर्धवट पोकळी तयार होते, आणि म्हणून पाणी आत येतं. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढल्यावर औषध आत येतं ना, तसं. चमत्कार संपला. पण त्यांनी गुरूला कमी लेखलं नाही, उलट त्या पोकळीला गुरूचंच नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. मला ही गोष्ट फार आवडते. श्रद्धा आणि मोजपट्टी एका खिशात ठेवणारी माणसं आपल्याकडे कमी.

1924 चा दसरा. लोणावळ्यात, तेव्हा कुंजवन म्हणत त्या जागी, त्यांनी कैवल्यधाम सुरू केलं. जगन्नाथ गुणे आता कुवलयानंद झाले होते. कुवलय म्हणजे निळं कमळ. लोणावळाच का? थंड हवा, मुंबई-पुण्याच्या मधोमध रेल्वेचं स्टेशन, डॉक्टर-प्रोफेसर मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत जाऊ शकतील असं अंतर. मला तरी हेच कारण पटतं. आश्रमाबरोबरच प्रयोगशाळा उभी राहिली आणि त्याच वर्षी त्रैमासिकही निघालं, ‘योगमीमांसा’. इंग्रजीतलं. त्यात शास्त्रीय विभाग वेगळा आणि सामान्य वाचकांसाठी विभाग वेगळा. एकात दाबाचे आकडे आणि क्ष-किरणांचे फोटो, दुसऱ्यात घरी आसनं कशी करायची याची माहिती. योगावर प्रयोग करून ते छापणारं असं नियतकालिक त्याआधी नव्हतं. मावळातल्या एका गावातून हे जगभर जात होतं आणि आजही ते निघतं.

आता तुमच्या पोटरीकडे येतो.

कुवलयानंदांनी सुरुवातीच्या वर्षांत जे प्रश्न घेतले त्यातला एक असा होता: शीर्षासन, सर्वांगासन केल्याने रक्तदाब किती वाढतो? डोकं खाली, पाय वर, म्हणजे मेंदूच्या नसा फुटतील अशी भीती डॉक्टरही घालायचे. त्यांनी दाब मोजला आणि आकडे 1926 च्या सुमारास छापले. निरोगी माणसाच्या बाबतीत भीती वाटत होती तेवढं काही होत नाही, असं त्यांना दिसलं. दुसरा कुणी असता तर इथे ढोल वाजवून मोकळा झाला असता. त्यांनी मात्र पुढे आसनांवर पुस्तक लिहिलं तेव्हा कुणी उलटं होऊ नये हेही स्पष्ट लिहिलं. कान वाहत असेल, डोळ्यांच्या केशवाहिन्या कमजोर असतील, हृदय अशक्त असेल, तर या आसनांच्या वाटेला जायचं नाही. ज्या गोष्टीचा प्रचार करण्यात आयुष्य चाललंय तिलाच इतकी कुंपणं घालायची, हे सोपं नाही.

त्यांच्या पुस्तकात मात्रेची भाषा आहे, औषधाला असते तशी. शीर्षासन किती? सुरुवात पाव मिनिटाने. पंधरा सेकंद! मग आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं वाढवत काही मिनिटांपर्यंत. पूर्ण अभ्यासक्रम झेपत नसेल त्याच्यासाठी छोटा आहे, तोही जड जात असेल त्याच्यासाठी सोपा आहे. सोपा अभ्यासक्रम करणाऱ्याला कमी लेखणारं एक वाक्य सापडत नाही. मध्ये खंड पडला, तर जिथे सोडलं तिथून नाही, त्याच्या बरंच खालून पुन्हा सुरू करायचं. जोराचा व्यायाम आणि योग दोन्ही करायचे असतील तर खुशाल करा, पण एकाला एक चिकटून नको, मध्ये थोडा वेळ जाऊ द्या. आणि आसनं संपल्यावर दमल्यासारखं वाटत असेल तर काहीतरी चुकतंय, कारण ताजंतवानं वाटायला हवं.

हे सगळं आज एखाद्या रनिंग कोचला दाखवा. दुखापतीनंतर परत येणाऱ्या पोराला तो जे सांगायला हवं तेच आहे हे. नडगीचं हाड एका रेसमध्ये मोडत नाही. आठवड्याचे किलोमीटर एकदम वाढवले, झोप कमी पडली, डब्यातल्या दोन चपात्यांवर दोन वेळा पळालो की हाडाला भरून यायला वेळच मिळत नाही आणि बारीक तडा जातो. मुलींच्या बाबतीत तर शरीर आधीच घंटा वाजवत असतं. पळणं वाढलं, खाणं पुरेसं नाही, आणि पाळी दोन-तीन महिने आलीच नाही, तर ते फिटनेसचं लक्षण नाहीये, डॉक्टरकडे जायचं लक्षण आहे. सरांना सांगायला लाज वाटते, मान्य. मग मॅडमना सांगा, मैत्रिणीला सांगा, पण सांगा. माफ करा, विषय सोडून बोललो. पण हे लिहायची संधी रोज मिळत नाही.

1927 मध्ये एक मोठी परीक्षा कुवलयानंदांसमोर आली. महात्मा गांधी खादीसाठी गावोगाव हिंडत होते. मार्चमध्ये कोल्हापूरला असताना त्यांचं शरीर कोसळलं. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी दौरा बंद करायला लावला. आधी आंबोलीची, मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी डोंगराची हवा. टीमची अपेक्षा म्हणजे काय ते इथे बघा. सगळा देश वाट बघतोय, सभा ठरल्यात, वर्गणी जमायचीय, आणि कॅप्टनच आडवा. त्या काळात गांधी आणि कुवलयानंद यांच्यात पत्रव्यवहार झाला. गांधींनी त्यांच्या सल्ल्याने काही योगक्रिया करून पाहिल्या आणि आपल्या प्रकृतीचा हालहवाल त्यांना कळवत राहिले. गांधींना स्वतःवर प्रयोग करायची हौस होतीच, आणि समोरचा माणूस प्रयोगवाला. योगाने गांधी बरे झाले असा दावा मी करणार नाही, विश्रांती होती, डॉक्टर होते, हवा होती. पण देशातल्या सर्वांत व्यस्त माणसाला काही महिने थांबावं लागलं आणि थांबल्यावर त्याने लोणावळ्याच्या या माणसाकडे विचारणा केली, एवढं मात्र खरं.

पुढच्या वर्षांत काम पसरलं. 1932 मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि 1936 मध्ये मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर आलं. चर्नी रोड स्टेशनवरून लोकलने जाताना तुम्ही ते ओलांडता. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातून कोवूर बेहनन नावाचा संशोधक लोणावळ्याला आला, शिकला, स्वतःवर मोजमापं केली आणि 1937 मध्ये त्याचं पुस्तक निघालं. प्राणायामाने शरीरात प्राणवायू भरभरून जातो, हा समज तेव्हाही होता, आजही योगाच्या प्रत्येक शिबिरात ऐकू येतो. कुवलयानंदांनी तो स्वीकारला नाही. प्राणायामाची किंमत जादा ऑक्सिजनमध्ये नाही, असं त्यांनी मोजून आणि लिहून ठेवलं. ज्या समजुतीवर आपलं दुकान उत्तम चाललं असतं ती त्यांनी स्वतःच खोडली.

पण त्यांच्या आयुष्यात एक जागा अशी आहे जिथे मी अडखळतो. तीही सांगतो, नाहीतर हा लेख आरतीसारखा होईल.

1930 नंतर सरकारांना शाळा-कॉलेजातल्या मुलांची शरीरं दिसायला लागली. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, योगाचा व्यायाम शाळांत आणायचा विचार झाला तो कुवलयानंदांच्या मदतीने. 1937 मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष कुवलयानंद. 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी सरकारी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तुमचे पीटीचे सर ज्या परंपरेतून आलेत तिची एक मोठी फांदी इथून निघते. शाळेत एकदोन-एकदोन करत रांगेत जे हात वर-खाली केलेत, त्याच्या मागेही हा काळ आहे. स्वामींनी सामुदायिक यौगिक व्यायामाचं पुस्तक तयार केलं. आज्ञा झाली की शेकडो मुलं एकदम वाकतील, एकदम उठतील.

आता गंमत बघा. ज्या माणसाने आयुष्याची पहिली कमाई केली ती एकेका माणसाच्या पोटात नळी घालून, ज्याने पुस्तकात प्रत्येकाला वेगळी मात्रा ठरवून दिली, तोच आता रांगेत उभ्या शंभर मुलांना एकच हुकूम देणारी कवायत लिहितोय. त्या रांगेतल्या चौथ्या मुलाचा कान वाहत असेल तर? सातवीतल्या मुलीला कालपासून ताप असेल तर? हुकूम सगळ्यांना सारखाच. कुवलयानंदांनी कवायतीत अवघड, जोखमीची आसनं टाळून साधे, लयीत करता येतील असे प्रकार ठेवले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तरुणपणीची माणिकरावांची पलटण त्यांच्यात कुठेतरी होतीच. शिवाय काळ तसा होता. देश पारतंत्र्यात, तरुण पोरं हडकुळी, आणि प्रत्येक पुढारी राष्ट्रासाठी मजबूत शरीर मागत होता. कुवलयानंदांची टीम म्हणजे कॉलेजची टीम नव्हती, अख्खं राष्ट्र होतं. त्या टीमच्या मागणीपुढे त्यांनीही थोडी मान तुकवली, असं मला वाटतं. तुम्हाला वाटणार नाही कदाचित.

मात्र एक फरक त्यांनी सोडला नाही. त्यांच्या दृष्टीने शारीरिक शिक्षण सगळ्यांसाठी होतं. शाळेत अकरा जण क्रिकेट खेळणार आणि बाकीचे चारशे कठड्यावर बसून टाळ्या वाजवणार, ही कल्पना त्यांच्या योजनेत बसत नव्हती. खेळाडू निवडणं वेगळं, शरीर घडवणं वेगळं. आपल्या कॉलेजांमध्ये या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ झालीय की जिमखान्याचं वर्षाचं यश म्हणजे आंतरमहाविद्यालयीन ढाली किती आल्या एवढंच राहिलंय. त्या ढालींमागे किती गुडघे गेले, हे कुठल्या अहवालात लिहिलेलं मी वाचलेलं नाही. आणि सरांनाही वर उत्तर द्यावं लागतं हो. त्यांची बाजू नाही असं नाही. सहा जणांची टीम पाठवायची, त्यातला एक ऐनवेळी लंगडायला लागला की सगळं खापर त्यांच्यावर. म्हणून तर ट्रायलच्या आधी खरं सांगणारा पोरगा त्यांनाही हवा असतो, फक्त तसं सांगितल्यावर त्याची जागा कायमची जाणार नाही याची खात्री त्यांनी दिली पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर कुवलयानंद केंद्र सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या सल्लागार मंडळावरही होते. पन्नाशीच्या सुरुवातीला लोणावळ्यात योगाचं कॉलेज निघालं, गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाचं. शिक्षक तयार करणारं कॉलेज. साठीच्या सुरुवातीला योगोपचारांचं हॉस्पिटल आलं. म्हणजे आश्रम, प्रयोगशाळा, नियतकालिक, कॉलेज, हॉस्पिटल असं सगळं एका आवारात. सत्तरी ओलांडलेला हा माणूस तेव्हाही प्रयोगांचं बघत होता.

1957 मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले दोन संशोधक हृदयाचा आलेख काढणारी यंत्रं घेऊन भारतभर हिंडत होते. योगी हृदय थांबवू शकतात असं बोललं जायचं, ते तपासायला. त्यांची मोजमापं लोणावळ्यातही झाली. दिसलं असं की श्वास कोंडून आणि छाती-पोटाचे स्नायू आवळून मनगटावरची नाडी लागेनाशी करता येते. स्टेथोस्कोपलाही आवाज नीट येत नाही. पण आलेखावर हृदय चालूच होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार, थांबलं. आत काम सुरूच.

तुमचं बहुधा उलटं असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पळतोय, मस्त चाललंय. आत नडगीत काय चाललंय ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं, आणि ते मोजायला क्ष-किरणांचं यंत्र आज प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. बडोद्याला जावं लागत नाही.

माझ्या त्या घोट्याचं पुढे काय झालं विचाराल. कामशेतच्या एका डॉक्टरांनी सहा आठवडे पळायचं नाही म्हणून सांगितलं. मग पहिल्या दिवशी किती पळू, असं मी विचारलं तर म्हणाले, चाल. दहा मिनिटं चाल. मला हसू आलं होतं. दहा मिनिटं काय चालायचं, आजोबा आहे का मी? बऱ्याच वर्षांनी कैवल्यधामच्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या आसनांचं ते पुस्तक चाळत होतो, आणि शीर्षासनापुढे पाव मिनिट वाचलं तेव्हा डॉक्टर आठवले.

स्वामी कुवलयानंद 18 एप्रिल 1966 रोजी गेले. वय ब्याऐंशी. वलवणच्या बाजूने पहाटे पळताना ते आवार लागतं. झाडं दाट आहेत, आत शांतता असते. ट्रायल पुढच्या सोमवारी असेल आणि आज पाय दुखत असेल, तर तिथल्या फाटकापाशी पळणं थांबवा, घड्याळ बंद करा आणि स्टेशनपर्यंत चालत जा. सरांना फोन स्टेशनवरून करता येईल, साडेसहापर्यंत ते उठलेले असतात.